बीपी अंगाला कळत नाही, मशीनला कळतो



या अंकात बचत, कर्ज, परतफेड यातलं काही लिहीत नाही. बीपीबद्दल लिहिते आहे, आणि त्याला कारण आहे.

आपल्या संघातल्या एका गटाच्या सचिव ताई आहेत. नाव देत नाही, पण त्यांना विचारूनच लिहिते आहे. गटात आल्या तेव्हा त्या अंगठा करायच्या. पहिल्याच वर्षी सही शिकल्या, मग वाचायला-लिहायला शिकल्या आणि पुढे गटाचं इतिवृत्त लिहू लागल्या. बँकेत गेल्या की स्वतःचा फॉर्म दुसऱ्या कुणाला भरू देत नसत. तीन वर्षांपूर्वी एका शिबिरात त्यांचा बीपी जास्त निघाला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. दोन महिने घेतली, बरं वाटलं, म्हणून बंद केली. "मला कुठं काय होतंय? रानातलं सगळं काम करते की मी," असं त्या म्हणायच्या. आणि ते खरंही होतं. मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी भाकरी थापताना त्यांचा उजवा हात एकदम गळाला, तोंड वाकडं झालं. लकवा मारला. त्या वाचल्या. आता चालतात, बोलणंही बरंच सुधारलंय. पण उजव्या हातात पेन धरवत नाही. जानेवारीच्या बैठकीत हजेरीच्या वहीवर त्यांनी पुन्हा अंगठा केला.

त्या दिवशी बैठकीत कुणी फार बोललं नाही. नंतर मात्र प्रत्येक जण मला एकच विचारत होती: काहीच त्रास नव्हता, मग असं झालंच कसं?

बीपी म्हणजे काय?

विहिरीवरची मोटर आणि पाइपलाइन डोळ्यासमोर आणा. मोटर पाणी ढकलते, पाइपात दाब तयार होतो आणि पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचतं. आपलं हृदय म्हणजे मोटर, रक्तवाहिन्या म्हणजे पाइप. रक्ताचा वाहिन्यांच्या भिंतीवर जो दाब पडतो, तो रक्तदाब. तो सगळ्यांनाच असतो आणि असायलाच हवा. दाब नसेल तर डोक्यापर्यंत रक्त पोचणार नाही.

मशीन दोन आकडे दाखवतं. हृदय आवळून रक्त बाहेर ढकलतं तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं तेव्हाचा दाब म्हणजे खालचा आकडा. 120 आणि 80 च्या आसपास असेल तर चांगलं. दोन्ही आकड्यांना महत्त्व आहे. वरचा ठीक आणि खालचा वाढलेला असला, तरी तो वाढलेलाच बीपी.

पाइपात कायम जास्त दाब राहिला तर काय होतं? पहिल्या दिवशी काही होत नाही. पाणी येतच असतं, उलट जोरात येतं. पण जोड ढिले होतात, पाइप आतून कमजोर होतो आणि एक दिवस फुटतो. शरीरात हेच वर्षानुवर्षं चालू राहतं. मेंदूतली वाहिनी फुटली किंवा बंद पडली की लकवा. हृदयाची वाहिनी बंद पडली की हार्ट अटॅक. मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्या खराब झाल्या की किडनी निकामी होऊ लागते. डोळ्यांच्या वाहिन्यांवर परिणाम झाला की नजर जाते. आणि एवढं सगळं आत चालू असताना बहुतेक बायकांना काहीही जाणवत नाही. आपण मान दुखली, डोकं जड झालं, चिडचिड झाली की "बीपी वाढला वाटतं" म्हणतो. पण डोकं दुखत असताना बीपी बरोबर असू शकतो, आणि काहीच दुखत नसताना 170 असू शकतो. अंगावरून अंदाज बांधता येत नाही. मोजल्याशिवाय बीपी कळत नाही.

माझी चूक

मोजायचं, पण नीट मोजायचं. हे मी स्वतः चूक करून शिकले.

जानेवारीच्या त्या बैठकीनंतर मी मशीन घेऊन गटागटात जायला लागले. एका गावात एक मावशी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन आल्या, भारा दारात टाकला आणि थेट माझ्यासमोर बसल्या. मी पट्टा बांधला, तोही ब्लाउजच्या बाहीवरून. मोजताना आम्ही दोघी बोलत होतो. आकडा आला 162 आणि 96. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, तुमचा बीपी फार वाढलाय." मावशींचा चेहराच उतरला. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, असं त्यांच्या सुनेने मला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं.

उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी मलाच झापलं. "पाच मिनिटं बसवलंस का? मिसरी लावून आल्या होत्या का, विचारलंस का? एका आकड्यावर कुणाला आजारी ठरवायचं नसतं," असं त्या म्हणाल्या. मग आम्ही मावशींना सात दिवस घरी नीट मोजायला सांगितलं. सरासरी आली 129 आणि 81. मावशींना बीपी नव्हताच.

त्याच गटात दुसऱ्या एका ताईंचा आकडा त्या दिवशी 150 आणि 94 आला होता. मावशींच्या गडबडीत त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यांनीही सात दिवस मोजलं. सरासरी 152 आणि 94. या ताईंना दोन वर्षांपूर्वी गोळी सुरू झाली होती आणि त्यांनी ती मनाने बंद केली होती. म्हणजे जिला घाबरवलं तिला काही नव्हतं आणि जिला होतं ती हसत घरी गेली.

घरी कसं मोजायचं

- मोजण्याआधी अर्धा तास चहा, मिसरी, तंबाखू नको. जड काम करून लगेच बसू नका.
- लघवीला जाऊन या. लघवी तुंबलेली असली तरी आकडा वाढतो.
- खुर्चीवर पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर टेकलेले असावेत. पायावर पाय नको, मांडी घालूनही नको.
- पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, कोपराच्या दोन बोटं वर. घट्ट बाही वर गुंडाळली तर तीच दंड आवळते. त्यापेक्षा बाहीतून हात काढा आणि वर पदर घ्या.
- दंड छातीच्या पातळीला हवा. हात टेबलावर ठेवा. टेबल नसेल तर स्टुलावर गोधडीची घडी ठेवून त्यावर हात टेकवा. हात लोंबता ठेवला तर आकडा जास्त येतो.
- मशीन चालू असताना बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही, सुनेला हाक मारायची नाही.
- एकदा मोजलं की एक मिनिट थांबून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे लिहा. फक्त बरा वाटला तोच लिहायचा, असं नको.
- पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजा. ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात पुढे कायम धरा.

सात दिवसांचा हिशेब

सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, असं सात दिवस मोजायचं. सकाळी गोळी घेण्याआधी आणि न्याहारीआधी. वहीत तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा असे रकाने आखा. पहिल्या दिवसाचे आकडे हिशेबात धरू नका, कारण नवीन मशीनची भीती असतेच. उरलेल्या सहा दिवसांचे 24 आकडे होतात. वरच्या सगळ्या आकड्यांची बेरीज करा आणि 24 ने भागा. खालच्यांचंही तसंच करा. त्या ताईंच्या वरच्या आकड्यांची बेरीज 3648 आली. भागिले 24, म्हणजे 152. व्याजाचा हिशेब करणाऱ्या बायका आपण, हे अवघड नाही. मोबाइलवर नातसुद्धा करून देईल.

एवढा खटाटोप कशाला? कारण बीपी दिवसभर वर-खाली होत असतो. भांडण झालं की वाढतो, झोपेत उतरतो. दवाखान्यात गेलं की भीतीने कित्येकींचा वाढतो. गटाची प्रत ठरवताना आपण एका महिन्याची बचत बघतो का? सगळं रजिस्टर बघतो. बीपीचंही तसंच आहे.

आकडा आला, आता काय?

घरच्या मोजणीची सरासरी 135 आणि 85 च्या खाली असेल तर चांगलं. वर्षातून एकदा तरी पुन्हा मोजा.

वरचा 135 किंवा जास्त, किंवा खालचा 85 किंवा जास्त, यातलं एक जरी असलं तरी वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यात मोजताना ही रेघ 140 आणि 90 अशी धरतात. घरी माणूस निवांत असतो, म्हणून घरची रेघ थोडी खाली.

वरचा 180 किंवा जास्त, किंवा खालचा 110 किंवा जास्त आला तर घाबरू नका. पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच आला तर त्रास नसला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय गळणं, बोबडं बोलणं, एकदम दिसेनासं होणं, यातलं काहीही झालं तर मशीन शोधत बसू नका. लगेच 108 ला फोन करा. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. गुठळीमुळे झालेल्या लकव्यात ती विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. घरात तेल चोळण्यात, पाणी पाजण्यात, मांत्रिकाकडे नेण्यात ते तास जातात. लकव्यात गिळायला नीट येत नाही, त्यामुळे पाणी किंवा गोळी श्वासनलिकेत जाऊ शकते. तोंडात काही घालू नका.

गरोदर बाईला हे सगळे नियम जसेच्या तसे लावू नका. तिचा बीपी 140 आणि 90 झाला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. त्यातून झटके येऊ शकतात, आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं. बीपीच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून गोळी घेणारीला दिवस राहिले तर डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगायचं. आणि जिला गरोदरपणात बीपी होता, तिने पुढेही दरवर्षी मोजायला हवा.

गोळी आणि हप्ता

सचिव ताईंच्या बाबतीत चुकलं ते इथेच. गोळी घेतली, आकडा उतरला, म्हणून गोळी बंद. पण आकडा उतरला तो गोळीमुळे. गोळी थांबली की काही दिवसांत तो पुन्हा चढतो आणि तो चढलेला कळत नाही. "एकदा गोळी लागली की जन्माची" अशी भीती बायका बोलून दाखवतात. बहुतेकींना ती कायम घ्यावी लागते हे खरं आहे. पण वजन उतरलं, मीठ कमी झालं, तर डॉक्टर गोळी कमीही करतात. कमी-जास्त करायचं ते वही बघून डॉक्टरांनी, आपण मनाने नाही. गोळीने पाय सुजले, खोकला लागला, चक्कर आली, तर तेही सांगा. दुसरी गोळी मिळते. शेजारणीची गोळी मात्र घेऊ नका, तिचा आजार आणि तुमचा आजार एक नसतो.

गोळीसाठी पैसे लागतात असंही नाही. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम 2017 साली सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत आपला सातारा होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या मोफत मिळतात. महिनाभराच्या गोळ्या एकदम देतात, म्हणजे रोजगार बुडवून दर आठ दिवसांनी जायला नको. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीने आशाताईंकडून फॉर्म भरून घ्या आणि उपकेंद्रात बीपी व साखर तपासून घ्या.

घरातल्या चार गोष्टी

मीठ: दिवसभरात एका माणसाला सगळं मिळून एक छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी. यात भाकरीच्या पिठातलं, कोरड्यासातलं, खर्ड्यातलं, लोणच्यातलं, पापड-सांडग्यातलं सगळं आलं. पापडखारातही सोडियमच असतं. सैंधव घेतलं तरी ते मीठच. ताटात वरून मीठ वाढणं आधी बंद करा. कालवण दर आठवड्याला थोडं थोडं कमी खारट करत गेलं तर घरातल्यांची जीभ कुरकुरत नाही. लिंबू, कोथिंबीर, लसूण, कढीपत्ता यांनी चव राखता येते.

मिसरी: आपल्यातल्या कितीतरी जणी दिवसातून तीन-चार वेळा लावतात. तीही तंबाखूच. प्रत्येक वेळी हृदयाची धडधड आणि बीपी दोन्ही वाढतात.

दुखण्याच्या गोळ्या: गुडघे, कंबर दुखली की दुकानातून गोळी आणतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढतो आणि किडनीवर ताण येतो. डॉक्टरांना या गोळ्यांचंही सांगा. कुटुंब नियोजनाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही बीपी मोजत राहावं.

चालणं: "दिवसभर राबतो, आणि वर चालायचं?" हा प्रश्न मला दर बैठकीत येतो. रानात राबणारीचं शरीर हलतंच. पण ज्या शिलाई मशीनवर, दुकानात किंवा पापडाच्या पाटावर बसून असतात, त्यांनी रोज अर्धा तास भरभर चालायला हवं.

बैठकीत आलेले प्रश्न

"मला चक्कर येते, म्हणजे माझा बीपी लो आहे ना? मी मीठ-साखरेचं पाणी घेते." — आधी मोजा. वरचा आकडा 90 च्या खाली असेल आणि चक्कर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पण आपल्या बायकांना चक्कर बऱ्याचदा रक्त कमी असल्याने किंवा उपाशी राहिल्याने येते. बीपी वाढलेला असताना मिठाचं पाणी घेतलं तर उलटंच होईल.

"मनगटावरचं मशीन चालेल का?" — दंडावरचंच घ्या, ते जास्त भरवशाचं. पट्टा दंडाला बसायला हवा. शिवणकामाच्या टेपने दंडाचा घेर मोजा. बहुतेक पट्ट्यांवर 22 ते 32 सेंटिमीटर असं लिहिलेलं असतं. घेर त्याहून जास्त असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्यात आकडा खोटा वाढतो. वर्षातून एकदा मशीन आरोग्य केंद्रात न्या आणि तिथल्या मशीनशी ताडून बघा.

"रोज मोजलं तर?" — नको. दर तासाला मोजणारीचा बीपी काळजीनेच चढतो. गोळी चालू असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि तपासणीला जाण्याआधीचा आठवडा, एवढं पुरतं.

गटाने काय करायचं?

चांगलं मशीन साधारण दीड ते अडीच हजारांत येतं. प्रत्येक घरात असायची गरज नाही. दहा-बारा जणींत एक पुरतं. त्याच दोघी जणींच्या गावातल्या गटाने ठराव करून मशीन घेतलं. सात-सात दिवस ते घराघरात फिरतं, आणि कुणाकडे आहे त्याची नोंद वहीत होते. मशीन देणारी नवीन घरात एकदा बसून नीट मोजायला शिकवते, मग जाते. कुणाचा आकडा किती, हे बैठकीत मोठ्याने वाचायचं नाही, हेही ठरावात आहे. ते माझ्या चुकीवरून. बैठकीत फक्त एवढंच विचारतात: गोळी कुणाची संपत आली आहे? ज्यांची संपली त्या मिळून केंद्रात जातात. 152 वाल्या ताईंची गोळी पुन्हा चालू झाली. मागच्या आठवड्यात त्यांची सरासरी 131 आणि 82 होती. "आता बंद करू का?" असं त्यांनी विचारलंच. बाकीच्या सगळ्या एकदम "नाही" म्हणाल्या, मला तोंड उघडावंच लागलं नाही.

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत बीपी हा विषय घ्या. मशीन कसं वापरायचं ते दाखवायला मी येईन. आधी सांगा म्हणजे दिवस ठरवू, आणि एक खुर्ची मांडून ठेवा.

सचिव ताई आता रोज गोळी घेतात. मार्चच्या बैठकीत त्यांनी शाईचा पॅड बाजूला सारला, डाव्या हातात पेन धरला आणि नावाचं पहिलं अक्षर काढलं. वाकडं आलं. पुढचं अक्षर पुढच्या महिन्यात, असं म्हणाल्या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक